पहिलं रिव्हॉल्व्हर: धक्का हलका हवा तर हत्यार जड घ्या

काचेच्या कपाटात मांडलेल्या रिव्हॉल्व्हरांपैकी नवशिक्याचा हात बहुतेक वेळा सगळ्यांत लहान हत्याराकडे जातो. लहान आहे, हलकं आहे, म्हणजे आपल्याला झेपेल, असा साधा हिशेब. मीही तोच केला होता. आखूड नळीचं, खिशात मावेलसं .३८ घेऊन नेमबाजीच्या रेंजवर गेलो. दुसरं सिलिंडर (काडतुसं भरायचं फिरतं नळकांडं) संपेपर्यंत अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलवटली, आणि तिसऱ्याला चाप पुरता ओढायच्या आतच डोळे मिटायला लागले. दहा मीटरवरच्या कागदावर पाचातल्या दोनच गोळ्या लागल्या. हत्यारात काही खोट नव्हती. ते जवळ बाळगण्यासाठी बनवलेलं होतं, आणि मी त्याच्याकडून तासन्‌तास नेमबाजीची अपेक्षा करत होतो.

पुढे जाण्याआधी एक शब्दांचा गुंता सोडवू. मराठीत ‘घोडा’ म्हणजे कोणी ट्रिगर समजतो, कोणी हॅमर, आणि बोलीत तर अख्ख्या हत्यारालाच घोडा म्हणतात. या लेखात बोटाने ओढायचा तो चाप, आणि मागे अंगठ्याने ताणायचा तो घोडा. गोळी म्हणजे फक्त पुढचं शिसं. गोळी, दारू आणि पितळी पुंगळी मिळून होतं ते काडतूस.

आधी परवाना, मग पसंती

हत्याराचा प्रकार, कॅलिबर (गोळीच्या जाडीचं माप, .२२, .३८ वगैरे), नळीची लांबी, घरात किती काडतुसं ठेवता येतील, यावर जागोजागी वेगवेगळे नियम असतात. काही ठिकाणी ठरावीक कॅलिबरच सामान्य माणसाला मिळतात. त्यामुळे मॉडेल पसंत करून मग परवान्यामागे धावण्यापेक्षा परवान्यात काय बसतं ते आधी लेखी माहीत करून घ्या. त्याच फेरीत जवळच्या रेंजचे नियमही विचारा. काही रेंजवर मॅग्नम, म्हणजे जास्त जोराची, काडतुसं चालत नाहीत, तर काही ठिकाणी नुसत्या शिशाच्या गोळ्या चालत नाहीत.

धक्का येतो कुठून

इथे थोडं गणित करू, कारण एकदा ते कळलं की विक्रेत्याच्या निम्म्या बोलण्याची गरज उरत नाही. गोळी पुढे जाते तेवढ्याच संवेगाने हत्यार मागे येतं. गोळीचं वजन गुणिले वेग, भागिले हत्याराचं वजन, की हत्यार किती वेगाने मागे सरकेल ते निघतं. आणि हाताला जो दणका जाणवतो तो त्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो.

एक किलोचं रिव्हॉल्व्हर धरा. .२२ एलआर (लाँग रायफल) या छोट्या काडतुसाची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, हातातल्या हत्यारातून सुमारे ३०० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते. हत्याराला मिळणारी ऊर्जा येते ०.३ ज्यूल. त्याच वजनाच्या हत्यारातून .३८ स्पेशलचं मऊ वॉडकटर, म्हणजे ९.६ ग्रॅमची सपाट तोंडाची गोळी २१५ मीटरने, सोडलं तर ती २.१ ज्यूल. आणि .३५७ मॅग्नमची १०.२ ग्रॅमची गोळी ३७५ मीटरने सोडली तर सात ज्यूलच्या वर. दारूचा वायूही थोडा धक्का देतो, तो इथे धरलेला नाही, पण तुलना बदलत नाही: .२२ च्या सातपट धक्का वॉडकटरचा आणि चोवीसपट मॅग्नमचा.

आता तेच वॉडकटर ४२० ग्रॅमच्या खिशातल्या हत्यारात भरा. आकडा जातो पाच ज्यूलवर. काडतूस तेच आणि माणूसही तोच, फक्त हत्यार हलकं झालं, आणि धक्का जवळजवळ अडीचपट झाला. माझी बेचक्यातली कातडी याच भागाकाराने सोलली होती.

म्हणून पहिली कसोटी वजनाची. कागदावर नेम धरण्यासाठी ८५० ग्रॅमपासून सव्वा किलोपर्यंतचं हत्यार बघा. सव्वा किलो हात लांब करून धरून ठेवणं सुरुवातीला जड जातं हे खरं. दोन्ही हातांनी धरा आणि चार-पाच गोळ्यांनंतर हत्यार टेबलावर ठेवून दम खा. खांदे महिन्याभरात सरावतात. धक्क्याला दचकायची सवय मात्र एकदा लागली की मोडायला वर्ष जातं.

काडतूस: .२२ एलआर, आणि जवळजवळ तेच उत्तर

.२२ एलआर १८८७ सालचं. इतकं जुनं असूनही नवशिक्याला दुसरं काही सुचवायचं मला कारण सापडत नाही. स्वस्त आहे, धक्का नगण्य आहे आणि आवाज सौम्य आहे. सौम्य म्हणजे कानाला निर्धोक नव्हे. आखूड नळीतून आणि सिलिंडर व नळी यांच्यातल्या फटीतून निघणारा .२२ चा आवाजही १४० डेसिबलच्या वर जातो, तेव्हा कानांचं संरक्षण प्रत्येक वेळी हवंच.

खोक्यावर ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ लिहिलेली काडतुसं घ्या. ‘हाय’ आणि ‘हायपर’ यांनी कागदावर काही फायदा होत नाही, खर्च मात्र वाढतो. तीन-चार प्रकारांची एकेक खोकी आणून बघा. एखादं हत्यार एका प्रकारावर खूश असतं आणि दुसऱ्यावर रुसतं, त्यामागचं कारण शोधत बसू नका.

.२२ मध्ये एक फसगत आहे. .२२ डब्ल्यूएमआर, म्हणजे .२२ मॅग्नम, हे १९५९ मध्ये आलेलं वेगळं काडतूस आहे. त्याची पुंगळी लांबही आहे आणि जाडही. काही रिव्हॉल्व्हरांबरोबर दोन सिलिंडर येतात, एक एलआरचं, एक मॅग्नमचं. मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये एलआर सैलसर बसतं आणि उडतंही, पण पुंगळी फाटून वायू बाहेर फेकला जातो. दोन सिलिंडर असतील तर दोन वेगळ्या रंगांच्या पिशव्यांत ठेवा. आणि मॅग्नमचं सिलिंडर मिळतंय म्हणून जादा पैसे मोजू नका; कागदाला भोक पाडायला ते लागत नाही.

.२२ परवान्यात बसत नसेल किंवा थोडं भारदस्त काही हवं असेल, तर पुढचा पर्याय .३८ स्पेशल वॉडकटर. वॉडकटरच्या गोळीचं तोंड सपाट असतं, त्यामुळे कागदावर पंचिंग मशीनने पाडल्यासारखं गोल भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही. हे काडतूस .३५७ मॅग्नमच्या भक्कम पोलादी रिव्हॉल्व्हरमधून उडवावं, त्यात धक्का सुखाचा होतो. .३५७ च्या हत्यारात .३८ चालतं, उलट कधीच नाही. मॅग्नमची पुंगळी मुद्दाम सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब केलेली आहे, ती .३८ च्या हत्यारात शिरू नये म्हणूनच. (नावात .३८ असलं तरी गोळीचा व्यास खरा .३५७ इंचच असतो. ‘.३८’ हे नाव जुन्या घडणीच्या काडतुसांवरून आलं आणि चिकटलं ते चिकटलंच.) .३५७ मधून बरीच .३८ उडवलीत तर सिलिंडरच्या छिद्रात पुढच्या बाजूला काजळीचं कडं साचतं. ते ब्रशने काढलं नाही तर पुढे मॅग्नम काडतूस आत अडतं.

.३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग हे १८९६ चं काडतूस मला मनापासून आवडतं. त्याचा धक्का .३८ वॉडकटरच्या निम्म्याच्या आसपास. आंतरराष्ट्रीय २५ मीटर सेंटरफायर (पेटवण्याचा मसाला तळाच्या मधोमध असलेल्या काडतुसांच्या) स्पर्धेत कितीतरी नेमबाज याचंच वॉडकटर वापरतात. पण काडतुसं सगळीकडे सहज मिळत नाहीत आणि मिळाली तरी महाग पडतात. तुमच्या भागात नियमित मिळत असतील तरच विचार करा.

नळी आणि साइट

नळी चार ते सहा इंचांची असावी. लांब नळीने पुढे वजन येतं, तोंड कमी उसळतं आणि सर्वांत महत्त्वाचं, पुढच्या आणि मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर वाढतं. हे अंतर १५० मिलिमीटर असेल आणि पुढची साइट एक मिलिमीटर हलली, तर १५ मीटरवर गोळी १० सेंटिमीटर भरकटते. अंतर २०० मिलिमीटर असेल तर साडेसात. दोन इंची नळीच्या हत्यारात ते जेमतेम १०० मिलिमीटर असतं, म्हणजे चूक १५ सेंटिमीटर. आखूड नळी स्वतः काही कमी अचूक नसते, ती तुमची चूक जास्त दाखवते एवढंच.

मागची साइट स्क्रूने हलवता येणारी असेल तर उत्तम. गोळ्या ज्या बाजूला जायला हव्यात त्या बाजूला मागची साइट सरकवायची, हा नियम पाठ ठेवा. स्वस्त हत्यारांत साइट पक्की असते. त्यात गोळी कुठे पडते ते बघून काडतुसाचा प्रकार बदलायचा किंवा नेम थोडा बाजूला धरायचा. मजेसाठीच्या नेमबाजीत हेही चालून जातं. आणि पुढची साइट काळ्यावर काळी दिसत असेल तर नेलपॉलिशचा एक ठिपका पुरेसा होतो.

सिंगल अ‍ॅक्शन की डबल

खिशाचा खरा प्रश्न इथे येतो. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये प्रत्येक गोळीसाठी अंगठ्याने घोडा ताणायचा आणि मग चाप ओढायचा. १८७३ च्या कोल्टचीच ही जुनी चाल. चाप दीड-दोन किलोच्या जोराने हलका सुटतो. काडतुसं उजवीकडच्या झडपेतून एकेक भरायची, रिकाम्या पुंगळ्या दांड्याने एकेक ढकलून काढायच्या. यंत्रणा साधी, म्हणून हत्यार स्वस्त. हेरिटेजचं रफ रायडर आणि २०१९ मध्ये आलेलं रुगर रँगलर ही या वर्गातली सगळ्यांना माहीत असलेली नावं. दोन्ही .२२, दोन्ही सहा गोळ्यांची, वजन साडेआठशे-नऊशे ग्रॅमच्या घरात. किंमत खाली आणण्यासाठी फ्रेम पोलादाऐवजी हलक्या मिश्रधातूची असते, साइट बहुधा पक्की. .२२ साठी ही तडजोड मला चालते.

भरायला वेळ लागतो ही तक्रार सगळे करतात. मला तो गुणच वाटतो. सहा गोळ्या, मग दोन मिनिटांची सक्तीची विश्रांती, आणि काडतुसांचं खोकं दुपारभर पुरतं.

डबल अ‍ॅक्शनमध्ये नुसता चाप ओढला तरी घोडा मागे जाऊन सुटतो, हवं तर आधी अंगठ्याने ताणताही येतो. सिलिंडर बाजूला उघडतं, सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर. स्मिथ अँड वेसनचं ६१७ दहा गोळ्यांचं, सहा इंची नळीत सव्वा किलोच्या आसपास. रुगरचं .२२ एसपी१०१ आठ गोळ्यांचं. दोन्ही आयुष्यभर टिकतील, आणि दोन्हींची किंमत ऐकून पहिल्यांदा घेणारा मागे सरतो. टॉरसची आठ-नऊ गोळ्यांची .२२ मधल्या पट्टीत येतात.

एक गोष्ट डबल अ‍ॅक्शन .२२ घेणाऱ्याला बहुधा कोणी आधी सांगत नाही. .२२ च्या काडतुसात पेटवण्याचा मसाला पुंगळीच्या काठात असतो, आणि तो काठ चेपायला घोड्याचा फटका जोरदार लागतो. म्हणून स्प्रिंग कडक, आणि नुसत्या चापाने उडवायला पाच-सहा किलोचा जोर. बारीक बोटांना हे जड जातं. स्प्रिंग हलकी करून घेतलीत तर काडतुसं उडेनाशी होतात, त्या फंदात पडू नका. घोडा ताणून उडवायचं आणि डबलचा सराव हळूहळू वाढवायचा.

जुनं सिंगल अ‍ॅक्शन घेत असाल तर ट्रान्सफर बार आहे का, हे विचाराच. हा एक छोटा पोलादी तुकडा आहे. चाप पूर्ण मागे ओढलेला असेल तेव्हाच तो घोडा आणि फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारं टोक) यांच्यामध्ये येतो, त्यामुळे हत्यार पडलं तरी उडत नाही. रुगरने तो आपल्या सिंगल अ‍ॅक्शनमध्ये १९७३ पासून बसवला. त्याआधीच्या घडणीत घोडा रिकाम्या छिद्रावर ठेवायचा, म्हणजे सहाच्या हत्यारात पाचच गोळ्या भरायच्या.

हातात धरून बघा

आधी सिलिंडर उघडून प्रत्येक छिद्र डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. विक्रेत्याने नुकतंच दाखवलं असेल तरी पुन्हा. मग नळी सुरक्षित दिशेला ठेवून नेहमीसारखी मूठ धरा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात टेकलं पाहिजे. तिथवर पोचायला मूठ फिरवावी लागत असेल तर पकड जाड आहे. उलट बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत जात असेल तर बारीक आहे. बऱ्याच रिव्हॉल्व्हरांची पकड स्क्रू काढून बदलता येते, त्यामुळे एवढ्यावरून चांगलं हत्यार नाकारू नका. मधल्या बोटाच्या सांध्यावर चापाभोवतीची कडी आपटते का तेही बघा. .२२ मध्ये कळणार नाही, .३८ मध्ये शंभर गोळ्यांनंतर चांगलंच कळेल.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी रेंजवर कोणाचं तरी मागून पन्नास गोळ्या उडवा. नेमबाज मंडळी याबाबतीत दिलदार असतात, फक्त काडतुसं आपली न्यावीत.

वापरलेलं घेताना

स्वस्तात चांगलं हवं असेल तर वापरलेलं पोलादी रिव्हॉल्व्हर हा सर्वोत्तम मार्ग. पाच मिनिटांत बरंच कळतं. हत्यार रिकामं असल्याची खात्री करा, तपासणीची परवानगी विचारा, आणि सुरू करा.

सिलिंडरवर अंगठ्याचा हलका दाब ठेवून घोडा अगदी सावकाश ताणा. घोडा पूर्ण मागे पोचण्याआधी किंवा पोचताना सिलिंडर ‘टक्‌’ करून अडकलं पाहिजे. घोडा ताणला गेला आणि सिलिंडर अजून सैल, तर टायमिंग, म्हणजे छिद्र नळीसमोर वेळेवर येऊन अडकणं, गेलं आहे. हे प्रत्येक छिद्रासाठी करा, एखादंच छिद्र चुकार निघतं. मग ताणलेल्या घोड्याला मागून अंगठ्याने बऱ्यापैकी जोराने ढकला, चापाला बोट न लावता. तो पडला तर हत्यार परत द्या आणि आभार माना.

घोडा खाली सोडून, चाप मागेच दाबून ठेवून सिलिंडर हलवा. किंचित डुगडुग चालते, खडखड नाही. पुढेमागे सरकत असेल तर तेही बघा. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजा: ०.१५ मिलिमीटरच्या आसपास छान, ०.२५ च्या वर गेली तर किंमत पाडून मागा किंवा सोडून द्या. नळीच्या मागच्या तोंडाला, जिथून गोळी आत शिरते तिथे, टॉर्च मारून तडा आहे का पाहा. नळीत कुठे अंगठीसारखं काळं वर्तुळ दिसलं तर आत कधीतरी गोळी अडकून तिच्यावर दुसरी झाडलेली आहे.

.२२ असेल तर छिद्रांच्या काठांवर फायरिंग पिनचे खड्डे आहेत का ते नखाने चाचपा. रिकामं हत्यार सारखं खटखट उडवल्याने ते पडतात, आणि मग काडतूस आत जाताना अडतं. घरच्या सरावासाठी डमी काडतुसं वापरायची ती यासाठीच.

वरची घासलेली पॉलिश, मुठीवरचे चरे, नळीवर म्यानाचे डाग, हे सगळं तुमच्या फायद्याचं. भाव उतरतो, नेम तोच राहतो.

पैशांचा हिशेब

आठवड्याला शंभर गोळ्या म्हणजे वर्षाला ५,२०० काडतुसं. .२२ आणि .३८ च्या एका खोक्याची तुमच्या इथली किंमत विचारा आणि दोन्हींना या आकड्याने गुणा. बहुतेकांची निवड त्या कागदाच्या तुकड्यावरच होते. हत्यारासाठी ठेवलेल्या रकमेतून कानाचं संरक्षण, डोळ्यांचा चष्मा, साफसफाईचा संच, कुलूपबंद पेटी आणि पहिली हजार काडतुसं आधी वजा करा. उरलं त्यात जे बसेल ते तुमचं रिव्हॉल्व्हर.

रेंजवरचा पहिला दिवस

नळी कायम टार्गेटकडे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, हे कोणीही सांगेल. रिव्हॉल्व्हरपुरतं वेगळं एवढंच: आधाराच्या हाताचं कुठलंही बोट सिलिंडरच्या पुढच्या कडेपाशी येऊ देऊ नका. त्या फटीतून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. पिस्तुलावरून आलेल्या माणसाचा डावा अंगठा हमखास तिथे जातो.

चाप ओढला आणि काही झालं नाही, तर नळी समोर धरून ३० सेकंद थांबा, मग उघडा. आवाज नेहमीपेक्षा मऊ, फुसका आला तर तिथेच थांबा, हत्यार रिकामं करा आणि नळीतून आरपार दिसतंय का ते बघा. बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरमधून पुंगळ्या काढताना नळीचं तोंड वर करा आणि दांडा एकदाच ठामपणे दाबा. तोंड खाली असलं तर न जळलेली दारू एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या, चांदणीखाली जाऊन बसते आणि सिलिंडर बंद होताना अडतं. शे-दीडशे गोळ्यांनंतर .२२ ची छिद्रं चिकट होतात, तेव्हा ब्रश सोबत असू द्या. घरी जाण्याआधी साबणाने हात धुवा, शिसं बोटांना लागलेलं असतं.

टार्गेट सात मीटरवर लावा, त्याहून लांब नको. पहिल्या पन्नास गोळ्या घोडा ताणून, सावकाश. त्यानंतर सोबत्याच्या हाती रिव्हॉल्व्हर द्या. त्याने तीन छिद्रांत काडतुसं आणि तीनमध्ये उडवलेल्या पुंगळ्या भरायच्या, कशाही क्रमाने, तुम्हाला न दाखवता. सिलिंडर बंद करून त्याने ते टेबलावर ठेवायचं आणि तुम्ही उचलायचं. तुम्ही उडवा, त्याने पुढच्या साइटकडे बघायचं. रिकाम्या पुंगळीवर घोडा पडताना नळी खाली बुडाली, तर धक्का येण्याआधीच तुमचा हात त्याला ढकलतो आहे. असं झालं तर सहाही छिद्रांत पुंगळ्या भरा आणि साइट जागची हलत नाही तोवर तेवढंच करत राहा.